सही करण्याआधी

शहापूर, बेळगाव

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

लेहच्या थंडीत तुझी बोटे फुटली आहेत, हे मी तुझ्या आईला अजून सांगितलेले नाही. आइस हॉकी खेळण्यासाठी प्रायोजकाने दिलेल्या दोन वर्षांच्या करारावर पुढच्या आठवड्यात सही करणार, असे तू म्हणालास, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फोनवर मी बोलू लागलो की तुझे ‘हो आप्पा, हो आप्पा’ सुरू होते.

गेल्या सुट्टीत तू मला गॉर्डी हाऊ या जुन्या आइस हॉकीपटूचा खेळ दाखवलास, तेव्हापासून त्याची हकीकत मी मिळेल तिथून वाचत आलो आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवानमधील गरीब घरातला हा मुलगा 1946 साली डेट्रॉइट संघात आला. सही करताना त्याने आवर्जून काय मागितले, तर संघाचे एक जाकीट; आणि तेही त्याला मागे लागून मिळवावे लागले. 1950 साली सामन्यात मैदानाभोवतीच्या फळीवर आदळून त्याची कवटी फुटली, डोक्याची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्याच हंगामात सर्वाधिक गुण त्याचेच होते. असा हा माणूस वर्षानुवर्षे संघाच्या शब्दावर विसंबून राहिला आणि आपल्यापेक्षा संघातील इतरांना जास्त पगार आहे, हे त्याला 1968च्या सुमारास, चाळिशीला आल्यावर समजले. त्याचाच सहकारी टेड लिंडसे याने 1957 साली खेळाडूंची संघटना उभी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला संघातून काढून शिकागोला पाठवण्यात आले. बाकीच्यांनी काय धडा घेतला असेल, हे उद्यमबागेतल्या कारखान्यांमधल्या कोणत्याही कामगाराला वेगळे सांगावे लागणार नाही.

मीही त्यांच्यातलाच एक. टर्नर म्हणून लागलो तेव्हा पुढे आलेला कागद कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येते, बाजारात कोणी मराठी म्हणून ओळखतही नाही. पण वाचता येत नाही, आणि हे कबूल करायची त्या दिवशी लाज वाटली. अकरा वर्षांनी शेजारच्या मास्तरांनी तो कागद वाचून दाखवला, तेव्हा कळले की मी कायम कामगार कधी नव्हतोच, कंत्राटी होतो. फंडही कापला जात नव्हता. मालक माणूस गोड बोलणारा होता.

तुला इंग्रजी येते, हे खरे. पण कराराचे इंग्रजी निराळे असते. गुडघा गेला तर उपचारांचा खर्च कोणाचा, आणि त्या काळात मानधन चालू राहणार की बंद? दोन वर्षांच्या आत दुसऱ्या संघाने बोलावले तर तुला जाता येईल का? बूट आणि पॅड तुझे की त्यांचे? तुझा फोटो ते कोणत्या जाहिरातीत वापरणार? यांपैकी एकाचेही उत्तर तुला फोनवर देता आले नाही. तू चाकांच्या बुटांवरून बर्फावर गेलास, त्याला माझी हरकत नाही. हरकत असती तर पहिले बूट घेण्यासाठी मी सोसायटीतून कर्ज काढले नसते.

कराराच्या प्रत्येक पानाचा, मागच्या बाजूसह, फोटो काढून रविवारपर्यंत मला पाठव. कोर्टाजवळच्या ओळखीच्या वकिलांशी मी बोललो आहे. सोमवारी सकाळी ते कागद पाहतील. प्रायोजकाने घाई केली तर वडिलांनी थांबायला सांगितले आहे, असे सरळ सांग.

तुझे,
आप्पा