डर्बी हिलच्या काकूंना मनापासून थँक्यू

काकू, तुम्हाला समोरासमोर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता तुम्ही कायमच्या पुण्याला निघालात, तर हे एकदा बोलून टाकायलाच हवं.

ज्यांना डर्बी हिल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजहून पाऊण-एक तासावर, लेक ऑन्टॅरिओच्या आग्नेय कोपऱ्यात ही जागा आहे, ओनोंडागा ऑड्युबॉन या पक्षीप्रेमी संस्थेची, आणि दरवर्षी मार्च ते मे तिथे उत्तरेला परत जाणारे शिकारी पक्षी मोजतात, एका सीझनला सरासरी ४०,००० च्या आसपास. एवढे पक्षी तिथेच का, तर हॉक आणि गिधाडं तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेवर फुकटात उंची गाठतात, गार पाण्यावर तशी हवा मिळत नाही, मग समोर ३०० किलोमीटर लांबीचा लेक आडवा आला की बहुतेक जण पाणी ओलांडायच्या फंदात न पडता काठाकाठाने पूर्वेकडे सरकतात आणि कोपऱ्यावरून वळून पुन्हा उत्तरेला लागतात. सगळी गर्दी त्या एका कोपऱ्यात. दक्षिणेचा वारा असला तर पक्षी ढकलले जाऊन अगदी काठावर येतात, उत्तरेचा असला की आत जमिनीवरून जातात, म्हणून उभं राहायच्या जागाही दोन आहेत. सकाळी घरातून निघतानाच वारा बघायचा हे मला तुम्ही शिकवलंत.

मी तिथे आले तेव्हा मला घार, गरुड आणि "काहीतरी मोठं" एवढंच कळायचं. तुम्ही रंगापासून सुरुवातच केली नाहीत, लांबून रंग दिसतच नाही म्हणालात, पंख कसे धरलेत ते बघ. पंख वर उचलून व्ही केलाय आणि डुगडुगतोय तो टर्की व्हल्चर, फळीसारखे सपाट पंख म्हणजे बाल्ड ईगल, कोपरात मोडून एम झालाय तो ऑस्प्रे, खाली शेतावरून तरंगत जाणारा, कमरेवर पांढरा पट्टा असलेला तो हॅरियर, म्हणजे आपला भोवत्याच. आपल्या पक्ष्यांशी जोडून सांगितलंत ना, म्हणून ते डोक्यात बसलं.

आणि मग एप्रिलच्या शेवटी ब्रॉड-विंग्ड हॉक आले! साधारण कावळ्याएवढा पक्षी, हिवाळा मध्य आणि दक्षिण अमेरिकेत काढून येतो, आणि येतो तो शेकड्यांनी एकत्र घिरट्या घालत. मी तर नुसती बघतच राहिले असते, पण तुम्ही म्हणालात की गोल फिरत असताना मोजायचंच नाही, थांबायचं, वर पोचले की ते एकामागून एक सरळ रेषेत घसरत बाहेर पडतात, तेव्हा ढगाची एखादी कड धरायची आणि ती ओलांडेल त्याला हातातल्या क्लिकरवर, म्हणजे बटण दाबून मोजायच्या यंत्रावर, एक क्लिक. फारच गर्दी असेल तर दहा मोजून त्या दहांनी किती जागा घेतली ते डोळ्यात धरायचं आणि तेवढ्या मापाने पुढचा थवा मोजायचा. तुमच्या डाव्या हातमोज्याचं अंगठ्याचं टोक कापलेलं असायचं, कारण जाड लोकरीतून क्लिकर दाबला गेला की नाही ते कळत नाही, आणि गळ्यातल्या दोरीला दुसरा क्लिकर, तो फक्त गिधाडांसाठी. तो माझ्या लेकाच्या हातात दिलात तेव्हा तो सात वर्षांचा पोरगा तास-दीड तास जागचा हलला नाही हो, घरी कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

पण सगळ्यात जास्त थँक्यू "ओळख पटली नाही" या रकान्यासाठी. खूप लांबचा ठिपका मी कूपर्स हॉक म्हणून लिहायला निघाले की तुम्ही शांतपणे विचारायचात, काय दिसलं? शेपटी दिसली? डोकं दिसलं? नाही ना, मग नाव नाही. आणि एकही पक्षी आला नाही त्या तासालाही शून्य लिहायचं, वारा, तापमान, ढग सगळं भरून. मार्चच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात शून्य लिहायला कशाला उभं राहायचं असं मला खरंच वाटायचं, तेव्हा तुम्ही भरतपूरचं सांगितलंत. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) विभू प्रकाशांकडे तिथल्या केवलादेव उद्यानातल्या गिधाडांचे ऐंशीच्या दशकातले आकडे होते, म्हणून नव्वदीत गिधाडं संपत चालल्याचं पुराव्यानिशी दाखवता आलं, पुढे गुरांना द्यायचे त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकापर्यंत (मेलेली गुरं खाऊन ते गिधाडांच्या पोटात जायचं) शोध पोचला आणि २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली. जुने आकडे प्रामाणिक नसते तर नव्या आकड्यांना काय किंमत राहिली असती? इकडे अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकावर १९७२ मध्ये बंदी आल्यावर बाल्ड ईगल पुन्हा वाढले तेही असंच वर्षानुवर्षं कोणी ना कोणी मोजत उभं राहिलं म्हणून कळलं. त्यानंतर मी शून्य कधी कंटाळून लिहिलं नाही.

तुमची जुनी दुर्बीण आता लेकाकडे आहे, तो ती कोणाला हातही लावू देत नाही. गरम आल्याचा चहा, थर्मॉसमधला, नव्या आलेल्या प्रत्येकाला आधी तो आणि मग स्वतःला, तेही सगळ्यांच्या लक्षात आहे. परवा लुकआऊटवर एक आजोबा विचारत होते की ती चहावाली लेडी कुठेय.

पुण्यात पोचलात की गुडघ्याचं आधी बघून घ्या, टाळू नका. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात अमूर ससाणे आफ्रिकेला जाताना लोणावळ्याला थांबतात, तिकडे कोणाला तरी घेऊन नक्की जा. मोजलेत तर मला लगेच पाठवा, पण नुसता आकडा नको, वारा आणि ढगसुद्धा लिहा.