वगळायचेच तर पावसाळाही वगळा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या दिवसांतले हवेच्या प्रदूषणाचे आकडे 'अपवादात्मक घटना' म्हणून बाजूला काढावेत आणि मग शहराची वार्षिक सरासरी काढावी, असा सल्ला देणारा लेख आपण काल छापलात. लेखक अभ्यासू दिसतात, भाषाही सभ्य आहे, त्यामुळे राग जास्तच आला.

आधी मान्य करण्यासारखे तेवढे मान्य करतो. 23 जानेवारी 2022 ला समुद्रापलीकडून धुळीचे वादळ मुंबईवर आले होते, ते वाचकांना आठवत असेल. आमच्या गॅलरीतल्या तुळशीची पाने पांढुरकी झाली होती आणि खालच्या गाड्यांवर पोरांनी बोटाने नावे लिहिली होती. त्या दिवसाच्या आकड्याला महापालिका जबाबदार नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळ नाही, कोणीच नाही. तो खुशाल वेगळा ठेवा. पण लक्ष्मीपूजन काय अरबस्तानातून उडत येते? त्याची तारीख वर्षभर आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात छापून आलेली असते. 2023 मध्ये तर उच्च न्यायालयाने मुंबईत फटाके उडवायला रात्री 8 ते 10 अशी वेळ घालून दिली होती. ती किती पाळली गेली, हे चेंबूरमध्ये राहणाऱ्याला विचारा.

लेखकांच्या मते आकडे 'वेगळे ठेवल्याने' लपवाछपवी होत नाही. यावरच मला बोलायचे आहे, कारण आकडे वेगळे कसे ठेवले जातात ते मी पाहिले आहे.

सौ.ला दम्याचा त्रास आहे. काही वर्षांपूर्वीच्या एका लक्ष्मीपूजनाला रात्री साडेनऊच्या सुमारास सगळ्या खिडक्या लावूनही घरात धूर भरला. तिच्या तोंडाला नेब्युलायझरचा मास्क, मशीनची घरघर, आणि बाहेर लडी संपतच नव्हत्या. डॉक्टरांनी फोनवर विचारले, तुमच्याकडे हवा किती खराब आहे? मी मोबाइलवर जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा आकडा पाहायला गेलो. आलेखाची संध्याकाळपर्यंतची रेघ नीट चढत गेलेली आणि पुढे कोरी जागा. रेघ पुन्हा सुरू झाली ती थेट पहाटे, तीही उतरलेली.

सण झाल्यावर मी संबंधित कार्यालयात गेलो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण टेबलावरचा तरुण मुलगा सभ्य होता आणि त्याला वरून जे सांगितले तेच तो मला सांगत होता. तो म्हणाला, "काका, ते आकडे व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे तपासणीत गेलेत." मी विचारले, परत कधी येणार? तो हसला. मग म्हणाला, "एवढे मोठे रीडिंग म्हणजे बहुतेक मशीनचा एरर असतो." म्हणजे आमच्या घरात जे चालले होते तोसुद्धा मशीनचा एरर! मी लेखी अर्ज केला. उत्तरात एक तक्ता आला. त्यात त्या रात्रीच्या तासांपुढे 'उपलब्ध नाही' आणि त्याच दिवसाच्या एकूण रकान्यात मात्र हवा 'मध्यम'.

हे कसे जमते ते लेखकांना ठाऊक असणार, पण त्यांनी लिहिलेले नाही. आपल्याकडचा हवा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो आणि त्यासाठी किमान 16 तासांची नोंद पुरते. म्हणजे धुराचे सात-आठ तास काढून टाकले तरी उरलेल्या तासांवर दिवसाचा आकडा रीतसर काढता येतो. शिवाय निर्देशांक 500 च्या वर जातच नाही. हवा कितीही विषारी झाली तरी पाटी 500 चीच. इतकी सोय नियमातच करून ठेवलेली असताना आणखी वेगळी सवलत कशाला हवी?

मी बँकेत नोकरी केली. तिथे नोंद चुकली तर ती खोडायची मुभा नव्हती. खाली उलट नोंद घालायची, सही करायची, कारण लिहायचे, आणि मूळ ओळ तपासनीसाला दिसली पाहिजे. हवेच्या वहीत मात्र पानच फाटलेले.

आता अमेरिकेबद्दल. लेखात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 2016 च्या सुधारित नियमाचा दाखला आहे. 4 जुलैच्या, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या आतषबाजीचे आकडेही तिथे वगळता येतात, हे लेखकांनी आवर्जून सांगितले. खरे आहे, परंपरेचा भाग असलेल्या आतषबाजीला त्या नियमात जागा आहे. मात्र त्याच नियमातला बाकीचा भाग लेखकांच्या शाईत उतरला नाही. आकडा वगळून हवा असेल तर राज्याला तो त्याच घटनेमुळे वाढला हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. जुन्या वर्षांच्या आकड्यांशी तुलना द्यावी लागते. ते सगळे किमान 30 दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुले ठेवावे लागते. मूळ आकडा नोंदीत तसाच राहतो, त्यावर फक्त खूण केली जाते. आणि एकाच प्रकारची घटना तीन वर्षांत तीनदा घडली, तर लोकांना आधी सावध कसे करणार आणि धूर कमी कसा करणार याचा आराखडा त्या भागाला करून द्यावा लागतो. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. 2023 च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर तिथे पोहोचला, आकाश नारिंगी झाले, तेव्हा त्याला तासातासाचा आकडा मोबाइलवर दिसत होता. पुढे वार्षिक हिशेबात त्या आकड्याचे काय करायचे, हा नंतरचा प्रश्न. त्या क्षणी तो दिसत होता. आपण फक्त वगळण्याचे कलम आयात करणार आणि हरकतींचे 30 दिवस बंदरावरच सोडून देणार, असे दिसते.

बरे, सवलत आपल्याकडेही नाही असे नाही. हवेच्या 2009 च्या राष्ट्रीय मानकांत म्हटले आहे की प्रदूषणाची चोवीस तासांची मर्यादा वर्षातल्या 98 टक्के वेळ पाळली गेली पाहिजे. उरलेल्या 2 टक्के वेळी ती ओलांडली तर चालेल, फक्त लागोपाठ दोन दिवस नको. वर्षाचे सात दिवस माफ! वादळ, होळी, दिवाळी, काय ते त्यात बसवा. अडचण एवढीच की मुंबईत थंडी पडली की ते सात दिवस केव्हाच खर्च झालेले असतात, आणि दिवाळी एका दिवसात आटोपत नाही.

मला सगळ्यात गंमत वाटते ती पुढची. 2023 ला दिवाळीच्या तोंडावर मुंबईत अवकाळी पाऊस पडला आणि हवा एका रात्रीत सुधारली. नोव्हेंबरमधला तो पाऊस अपवादात्मक नव्हता का? तेव्हा ते आकडे कोणी बाजूला काढले नाहीत, उलट रस्ते धुतल्याचे श्रेय वाटून झाले. 2020 च्या टाळेबंदीत कारखाने, गाड्या, बांधकामे बंद होती आणि आकाश निळे दिसत होते. याहून मोठा अपवाद माझ्या आयुष्यात झाला नाही. त्या महिन्यांची स्वच्छ हवा सरासरीत धरू नका, असा लेख कुठे वाचल्याचे मला आठवत नाही. पावसाळ्याचे चार महिने धूळ खाली बसते आणि मुंबईची वार्षिक सरासरी सुधारते, त्यात कोणत्या खात्याचे कर्तृत्व? वगळायचेच तर तेही वगळा आणि मग उरेल ते छापा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात 2017-18 च्या तुलनेत 2025-26 पर्यंत धूलिकण 40 टक्क्यांपर्यंत कमी करायचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि निधीही कामगिरीशी जोडला गेला. अशा वेळी नेमके वाईट दिवसच अपवाद का ठरतात, हे समजायला अभ्यासू असण्याची गरज नाही.

देवनारच्या कचरा डेपोचे तर विचारूच नका. जानेवारी 2016 मध्ये तिथला कचरा पेटला, धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रात दिसले, आसपासच्या पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हा अपवाद असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. मार्चमध्ये तो पुन्हा पेटला.

एक विनंती खुद्द आपल्याला. आपण तापमानाच्या चौकटीत रोज हवेचा जो आकडा छापता, तो आदल्या दिवशी दुपारी 4 वाजेपर्यंतच्या चोवीस तासांची सरासरी असतो. पेपर घरी येईपर्यंत तो शिळा झालेला असतो आणि तसे खाली कुठेही लिहिलेले नसते. सौ. तो वाचून सकाळी फिरायला जायचे की नाही ते ठरवते. निदान वेळ तरी छापा, आणि एखाद्या केंद्राची नोंद आली नसेल तर ती का आली नाही, हे आपल्या बातमीदाराला एकदा विचारायला सांगा. पानभर फटाक्यांच्या जाहिराती आल्या त्या दिवसांत ही चौकटच गायब होती. जागा नसेल, समजू शकतो.

आपला एक जुना वाचक,
चेंबूर, मुंबई