बॅटरी ४३ टक्के असताना फाइल का मेली?

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पॉकेट कॅमेरा आणि पोर्टेबल एसएसडी (चित्रण साठवायची बाहेरून जोडायची डिस्क) या संचाबाबत तक्रार; मुख्यतः कॅमेरा तापून बंद पडताना चालू रेकॉर्डिंग वाया जाण्याबाबत.

महोदय/महोदया,

मुठीत मावणारा कॅमेरा आणि त्याच्या जोडीला १ टीबीचा एसएसडी असा तुमचा संच मी चार महिन्यांपूर्वी घेतला. पंधरा दिवसांत तुमच्याकडून अभिप्राय मागणारी मेल आली. मी सविस्तर लिहून पाठवला, चांगल्याला चांगलं आणि वाईटाला वाईट म्हणून. त्यावर ‘पडताळणी सुरू आहे’ अशी पाटी लागली, ती अजून तशीच आहे. मधल्या काळात कॅमेऱ्याने असा दगा दिला की अभिप्राय राहिला बाजूला, हे पत्र लिहायची वेळ आली.

आधी चांगलं सांगते. चालता चालता घेतलेलं चित्रण हलत नाही. त्यासाठी चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात, पण कॅमेरा आतल्या आत चित्र स्थिर करणार म्हटल्यावर ते आलंच. माइक लहान असून आवाज स्वच्छ घेतो. एसएसडी माझ्या हातून दोनदा फरशीवर पडला, त्याला काही झालं नाही. आत फिरणारी तबकडीच नाही तर होणार काय. आणि १ टीबीचा म्हणून घेतलेला एसएसडी संगणकावर ९३१ जीबी दिसतो, ही माझी तक्रार नाही. तुम्ही हजाराने मोजता, विंडोज १०२४ ने मोजतं, एवढाच तो फरक. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्या चॅटवरच्या पहिल्या माणसाने माझी तक्रार न वाचताच मला नेमकं हेच समजावून सांगितलं होतं.

आता मूळ गोष्ट.

माझे मोठे मामा ८१ वर्षांचे आहेत. त्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. आता हात थरथरतो म्हणून त्यांनी काम बंद केलंय. घरातलं एक जुनं किल्लीचं टेबल घड्याळ बंद पडलं होतं, ते शेवटचं म्हणून उघडतो आणि सगळं समजावून सांगतो, असं ते स्वतःहून म्हणाले. मी कॅमेरा तिपाईवर लावला, फोर-के ठेवलं, आवाजात घरघर नको म्हणून पंखा बंद केला. बॅटरी पूर्ण भरलेली, कार्ड नवं, १२८ जीबीचं, व्ही३० वर्गाचं. म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहू शकणारं. तुमचा कॅमेरा या सेटिंगला सेकंदाला १०० मेगाबिटने लिहितो, म्हणजे आठ मेगाबिटचा एक एमबी या हिशेबाने सेकंदाला साडेबारा एमबी. कार्ड कमी पडायचा प्रश्नच नव्हता.

मामांनी डोळ्याला भिंग लावलं आणि सुरुवात केली. कमान, म्हणजे किल्लीने ताणली जाणारी मोठी स्प्रिंग, आधी का सैल करायची, न करता घड्याळ उघडलं तर काय उडतं आणि कुठे लागतं, हे त्यांनी अंगठ्यावरचा जुना वण दाखवून सांगितलं. मग चिमट्याने ती केसाएवढी स्प्रिंग उचलताना म्हणाले, “बघ हं आता, पण श्वास सोडू नकोस.” मी खरंच सोडला नाही. त्यानंतर सात-आठ मिनिटांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर थर्मामीटरचं चिन्ह आलं आणि मी हात पुढे करेपर्यंत पडदा काळा झाला. ४६ मिनिटं ५० सेकंद झाली होती. मामा भिंगातून वर बघत म्हणाले, “काय गं, किल्ली संपली वाटतं त्याची!”

खोलीत २९ अंश होते. तुमच्या खोक्यावर ‘९० मिनिटं सलग चित्रण’ असं ठळक लिहिलंय. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मामांचं भिंग लावल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात, त्याचा खुलासा आहे: ही ९० मिनिटं फुल एचडीला, वायफाय बंद, पडदा बंद, तापमान २५ अंश आणि कॅमेऱ्यावरून वारा वाहता असताना. खोक्यावर फोर-के एका बाजूला छापलंय आणि ९० मिनिटं दुसऱ्या बाजूला, पण दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत हे कुठेच छापलेलं नाही.

तरीही, कॅमेरा तापला हे मी समजू शकते. एवढ्याशा डबीत फोर-के चित्र दाबून बसवायचं म्हणजे उष्णता होणार, आणि ती जायला जागा नाही. तापून बंद पडला, तेही बरोबरच केलं. पण कॅमेरा थंड झाल्यावर चालू केला तेव्हा कार्डावर ३५ जीबीची फाइल होती आणि ती कशातच उघडत नव्हती. माझी खरी तक्रार इथून सुरू होते.

फाइल का उघडली नाही, हे तुमच्या अभियंत्यांना माहीत असणारच. मलाच शोधून काढावं लागलं. एमपी४ फाइलमध्ये चित्र आणि आवाज येतील तसे साठत जातात. पण कुठला तुकडा कुठे सुरू होतो, किती लांबीचा आहे, याची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे चित्रण थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहितात. ती लिहिलीच गेली नाही तर आतला सगळा मजकूर शाबूत असूनही प्लेयरला काही कळत नाही. वीज अचानक गेली, कुणी बॅटरी उपसून काढली, तर हे होऊ शकतं. माझ्याकडे तसं काही झालं नव्हतं. कॅमेरा पुन्हा चालू केला तेव्हा बॅटरी ४३ टक्के होती. बंद व्हायचा निर्णय कॅमेऱ्याने स्वतः घेतला, थर्मामीटरचं चिन्ह दाखवण्याइतका वेळ त्याच्याकडे होता, मग जाता जाता फाइल बंद करायला तेवढ्या एका क्षणाचा वेळ का नव्हता?

याहून संतापजनक भाग पुढे आहे. कॅमेरा घेतला तेव्हा तो दर ४ जीबीला नवी फाइल सुरू करायचा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ या साठवण-पद्धतीची असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तिथून ही पद्धत आली. माझ्या सेटिंगला दर पावणेसहा मिनिटांनी एक तुकडा पूर्ण होऊन नीट बंद व्हायचा. मोठी कार्डं एक्सफॅट या नव्या पद्धतीची असतात, त्यांना ही अडचण नाही. म्हणून तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, तुकडे पाडणं बंद केलं आणि ‘आता एकसंध फाइल, जोडाजोडीची कटकट नाही’ अशी जाहिरात केली. कटकट गेली खरी. पण आधीच्या फर्मवेअरवर हाच प्रकार झाला असता तर माझे आठ तुकडे सुरक्षित राहिले असते आणि फार तर शेवटचं मिनिट-सव्वा मिनिट गेलं असतं. ते तुकडे पाडणं हीच नकळत मिळालेली सुरक्षा होती. ती काढताना तुम्ही तिच्या जागी दुसरं काही ठेवलं नाही. मधूनमधून अनुक्रमणिका लिहीत जाणारी एमपी४ची पद्धत अस्तित्वात आहे. पुन्हा चालू झाल्यावर अर्धवट फाइल स्वतः दुरुस्त करणारे कॅमेरेही बाजारात आहेत. मेनूमध्ये जुनी पद्धत निवडायची सोय ठेवली असती तरी पुरलं असतं, पण तीही नाही.

तुमच्या चॅटवर मी हे सगळं लिहिलं. उत्तर आलं: कॅमेरा रीसेट करा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि पुन्हा रेकॉर्डिंग करून बघा.

मी नको ते वाचत बसते म्हणून वाचले. दुसऱ्या कुणी विश्वासाने कार्ड फॉरमॅट केलं असतं, त्यावर नवं रेकॉर्डिंग चढवलं असतं, आणि जे परत मिळण्यासारखं होतं ते स्वतःच्या हाताने पुसलं असतं. ज्या माणसाची फाइल हरवली आहे त्याला पहिलं वाक्य हेच सांगायला हवं की कार्ड बाहेर काढा आणि त्यावर काहीही लिहू नका. तुमच्या माणसाचा दोष नसेल, त्याच्यासमोर जे लिहून ठेवलंय ते त्याने चिकटवलं. मग ते कोणी लिहून ठेवलं, ते शोधा. मी फॉरमॅट करायला नकार दिल्यावर ‘ग्राहकाने सूचना पाळल्या नाहीत’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली, आणि दहा मिनिटांत ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ अशी मेल आली.

कार्डाची जशीच्या तशी नक्कल संगणकावर काढून, त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगला घेतलेली एक धडधाकट क्लिप नमुना म्हणून देऊन, एका दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने मी फाइल उघडली. दोन रात्री गेल्या. चित्र जवळजवळ सगळं आलं, आवाज मात्र आला नाही. मामांचे हात दिसतात, ओठ हलताना दिसतात, अंगठ्यावरचा वण दाखवताना दिसतो, ऐकू काहीच येत नाही. पुन्हा एकदा करू या का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, “घड्याळ आता चालतंय. चालतं घड्याळ मी कशाला उघडू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता एसएसडीबद्दल. संचात दोन्ही वस्तूंसाठी मिळून एकच केबल आहे, दोन्ही टोकांना यूएसबी-सी. एसएसडीच्या खोक्यावर ‘सेकंदाला १०५० एमबीपर्यंत’ असं लिहिलंय. मी ३०० जीबी हलवायला घेतले तर वेग ३८ एमबीच्या वर जाईना. सव्वादोन तास लागले. आधी संगणकावर संशय घेतला, मग एसएसडीवर. शेवटी कळलं की दोष तुमच्या केबलचा आहे. तोंड यूएसबी-सी, पण आतून ती यूएसबी २.०, म्हणजे कागदावरच ४८० मेगाबिट, सेकंदाला ६० एमबी, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. टोकाच्या आकारावरून केबलचा वेग कळत नाही, आणि तुम्ही तिच्यावर काही छापलेलंही नाही. चार्जिंगची केबल एसएसडीबरोबर देणं म्हणजे रुंद दाराच्या घराला अरुंद जिना लावणं.

दुसरी, १० गिगाबिटची केबल लावली तेव्हा वेग ९०० एमबीपर्यंत गेला, आणि साधारण ७० जीबी झाल्यावर धाडकन १६० वर आला. याचंही कारण आहे, आतल्या मेमरीचा थोडा भाग सुरुवातीला झरझर लिहून घेतो आणि तो भरला की खरा वेग समोर येतो. बहुतेक स्वस्त-मध्यम एसएसडी असेच असतात, त्यामुळे त्याबद्दल भांडत नाही. फक्त ‘पर्यंत’ या शब्दाच्या शेजारी ‘पहिले ७० जीबी’ एवढं छापायला हरकत नव्हती. व्हिडिओ साठवायलाच म्हणून विकता ना? फोर-केचा एक तास ४५ जीबी होतो. दीड-दोन तासांचं चित्रण एका दमात हलवणारा प्रत्येक जण त्या उतरणीवर येणारच.

आणखी एक बारीकशी गोष्ट: बॅटरी बदलली की कॅमेऱ्याचं घड्याळ १ जानेवारीला परत जातं. माझ्या निम्म्या क्लिपा एकाच दिवशी जन्माला आल्यासारख्या दिसतात. मामांना हे सांगितलं तर ते हसतील, म्हणून सांगितलं नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. फर्मवेअरमध्ये ठरावीक अंतराने फाइल बंद करण्याची सोय परत द्या, आणि तापून बंद होण्याआधी चालू फाइल पूर्ण करून मगच बंद होईल अशी दुरुस्ती करा. ती कधी येणार ते लेखी कळवा. तोपर्यंत मला जुनं फर्मवेअर पुन्हा घालायचा मार्ग द्या. सध्या कॅमेरा ते घेत नाही. एसएसडीच्या वेगाला शोभेल अशी केबल बदलून द्या. तुमच्या मदतनीसांच्या लेखी उत्तरांतून ‘कार्ड फॉरमॅट करा’ हे फाइल हरवलेल्यांसाठी आजच काढून टाका. त्याला फर्मवेअर लागत नाही. माझी बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा आणि त्यावरचा तो शेरा काढा. आणि साडेतीन महिने पडताळणीत असलेला माझा अभिप्राय एकतर छापा, नाहीतर का छापत नाही ते सांगा.

वॉरंटी वस्तूची असते, आतल्या माहितीची नाही, हे कलम मी वाचलं आहे. हरवलेल्या आवाजाची भरपाई मी मागत नाही, ती तुम्हाला देताही येणार नाही.

चॅटची प्रत, पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो आणि दोन्ही केबलींवर मोजलेल्या वेगाची पडद्यावरची चित्रं सोबत जोडली आहेत. मूळ कार्ड लिफाफ्यात घालून ठेवलं आहे, फॉरमॅट केलेलं नाही. तुमच्या अभियंत्यांना बिघाड तपासायचा असेल तर मी त्याची नक्कल पाठवीन. मूळ कार्ड पाठवणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तराची वाट बघते.

कळावे,
आपली,
एक ग्राहक