खडकवासल्याचे श्रेय ज्याचे त्याला

महोदय,

15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, पुण्या-दौंडकडच्या शाळांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'खडकवासला धरण सर विश्वेश्वरय्यांनी बांधले.' यंदा माझ्या नातवाच्या भाषणातही ते होते, म्हणून हे पत्र. धरणाचे काम 1869 च्या सुमारास सुरू झाले आणि दहा वर्षांनी पुरे झाले. विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 चा, म्हणजे पाया खणला जात होता तेव्हा ते आठ वर्षांचे होते. धरणाची आखणी केली कर्नल फाइफ या लष्करी अभियंत्याने. जलाशयाला 'लेक फाइफ' हे नाव पडले ते त्यामुळेच.

मावळात कोसळणारा पाऊस अडवायचा आणि कालव्याने पूर्वेकडच्या अवर्षणी मुलखात न्यायचा, ही मूळ कल्पना. काम चालू असतानाच 1876-77 चा दुष्काळ पडला, तेव्हा गरज किती खरी होती हे वेगळे सांगायला नको. दगड-चुन्यात एवढे मोठे धरण देशात त्याआधी झाले नव्हते. आमच्या घरची शेती चार पिढ्या या धरणाच्या उजव्या कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे पाळीने सुटणाऱ्या पाण्यावर, चालली आहे.

मग विश्वेश्वरय्यांनी काय केले? माझ्या मते त्यांचे काम धरण बांधण्याइतकेच मोठे आहे, फक्त ते कोणी समजावून सांगत नाही. पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या बुटक्या भागावरून, कित्येक फूट उंचीने वाहून जाई. म्हणजे तेवढ्या पातळीचा दाब धरण दरवर्षी सोसतच होते. पूर ओसरला की मात्र पातळी सांडव्याच्या माथ्याशी येई आणि वरचे सारे पाणी हातचे गेलेले असे. ते पाणी धरायचे तर सांडव्यावर दरवाजे हवेत. पण ऐन पुरात, मध्यरात्री, ते उघडायचे राहिले तर पाणी धरणावरूनच जाणार.

यावर त्यांनी शोधलेला उपाय विहिरीवर पाणी शेंदलेल्या माणसाला चटकन कळेल. पोहरा पाण्यात असेतोवर हलका लागतो आणि बाहेर आला की हाताला ओढ बसते. दरवाजांचा तोल सांभाळायला त्यांनी एक जड वजन हौदात टांगले. तलाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पाणी आपोआप हौदात शिरे, बुडालेले वजन हलके होई, तोल बदले आणि दरवाजे उघडत. पातळी उतरली की हौद रिकामा होई, वजन पुन्हा जड होई आणि दरवाजे मिटत. ना इंजिन, ना वीज, ना रात्रपाळीचा माणूस. 1903 मध्ये हे दरवाजे बसले आणि धरणाची भिंत न वाढवता सुमारे आठ फूट जास्त पाणी साठू लागले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही असे दरवाजे बसले.

12 जुलै 1961 ला सकाळी वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटले आणि तो सगळा लोंढा या जुन्या धरणावर आला. पाणी माथ्यावरून वाहत असतानाही ते दुपारपर्यंत उभे राहिले, मग फुटले. मधल्या त्या काही तासांत पुण्यातल्या कित्येकांना नदीकाठ सोडता आला. फाइफ यांच्या बांधकामाबद्दल बोलताना हे विसरू नये. नंतर धरण पुन्हा बांधून काढले. आज दिसतात ते वक्राकार दरवाजे यंत्राने उचलायचे आहेत.

रविवारी धरणाकाठी कणीस, भजी खायला एवढी गर्दी होते, पण तिथे उभे राहून यातले काही कळण्याची सोय मला तरी कुठे दिसली नाही. जलसंपदा विभागाने निदान एक मराठी फलक लावावा. त्यावर दोन्ही नावे आणि वर्षे नीट असावीत, आणि धरण मुळात शेतीच्या पाण्यासाठी झाले हेही असावे. आता पुणे शहरालाही पाणी इथूनच जाते; शहराला पाणी हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. शेजारीच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. नद्या-धरणांच्या प्रतिकृती करणे हे तर त्यांचे रोजचे काम. हौद, वजन आणि दरवाजा यांची एक चालती प्रतिकृती त्यांनी मनावर घेतली, तर पाचवीतला मुलगाही हाताने पाणी ओतून दरवाजा उघडताना पाहील.

– एक लाभधारक शेतकरी, ता. दौंड, जि. पुणे