पंधरा लाख किप आणि एक दोरा

मावशी, सबायदी!

हे मराठी पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. पण व्हिएन्तिआनमधल्या आठ दिवसांत मी तरी कुठे लाओ बोलत होतो? कॅल्क्युलेटर आणि हातवारे, एवढ्यावर आपलं छान भागलं.

शेवटच्या दिवशी घोळ घातला तो मीच. दीड लाख किप, म्हणजे तुमचं लाओसचं चलन, काढायला एटीएममध्ये गेलो आणि शून्यांच्या गर्दीत बोट चुकलं. हातात पंधरा लाख! आपले जेमतेम सहा हजार रुपये, पण माझा आठवड्याचा खर्च त्यात निघतो. लाओसबाहेर किपला फारसं कुणी विचारत नाही आणि त्यात रविवार, बँका बंद.

गेस्टहाउसच्या पायरीवर तोंड पाडून बसलो होतो. तुम्ही लाखाच्या त्या पंधरा नोटा पाहिल्या, पोटभर हसलात (याची नोंद ठेवतोय) आणि आतून बिस्किटांचा डबा आणलात. डब्यात थाई बाथ. लेक नदीपलीकडे थायलंडात, नोंगखायला असते, म्हणून ते घरात लागतात, हे मग फोटो दाखवून समजावलंत. फोनवर कुणाला तरी भाव विचारून आकडा दाखवलात. मी मान डोलावली, तरी गुणाकार पुन्हा करून दाखवलात. वर एक किप घेतला नाहीत.

निघताना चिकट भाताची पुडी दिलीत. 'बो साई पादेक' म्हणालात, म्हणजे मासे आंबवून केलेलं पादेक यात नाही. माझ्या शाकाहाराची एवढी काळजी आमच्या मामींनीही कधी घेतली नाही. मग मनगटावर आशीर्वादाचा पांढरा सुती दोरा बांधलात आणि पुटपुटत तीन बोटं दाखवलीत.

१४ नंबरच्या बसने पुलापर्यंत, तिथून शटल. १९९४ साली झालेला हा मैत्री पूल ११७० मीटरचा. लाओसमध्ये गाड्या उजवीकडून, थायलंडमध्ये आपल्यासारख्या डावीकडून. पुलाआधीच्या सिग्नलला सगळे बाजू बदलतात. ते बघण्याच्या नादात मेकाँगकडे नीट बघायचंच राहिलं. भात मात्र पुलावरच संपवला.

बोटांचा अर्थ इथे नोंगखायला कळला: दोरा तीन दिवस तरी ठेवायचा, आणि कापायचा नाही, सोडायचा. आज चौथा दिवस. तुमची गाठ काही सुटत नाही, आणि कात्री मी लावणार नाही.

खोप चाय लाय लाय, मावशी.