परवाना असलेल्यांसाठी वाहनचालन वर्ग : भांडुपमधील रहिवाशांना मदतीचे आवाहन

सर्व रहिवासी बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

पाडव्याला किंवा दसऱ्याला आपल्या चाळीत, सोसायटीत नवी दुचाकी येते तेव्हा तिला हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. ती चालवणारा कुठे शिकला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते : मोठ्या भावाने किंवा मित्राने गल्लीतल्या गल्लीत क्लच, गिअर आणि ब्रेक दाखवले आणि तेवढ्यावर शिक्षण संपले. ही उणीव निदान आपल्या विभागापुरती भरून काढावी, या हेतूने आमच्या रहिवासी मंडळाने पावसाळ्यापूर्वी दुचाकीस्वारांसाठी रविवारचे वर्ग सुरू करण्याचे ठरवले असून, त्यासाठी आपला वेळ, जागा, वस्तू आणि आर्थिक साहाय्य मागण्याकरिता हे निवेदन आपल्यापुढे ठेवत आहोत.

हे वर्ग प्रामुख्याने ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्यासाठी आहेत, याचे काहींना नवल वाटेल. परवाना देण्याची पद्धत पाहिली की त्यामागचे कारण लक्षात येते. शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून आपल्या राज्यात घरबसल्या, आधारच्या साहाय्याने देता येते. तीत ६० टक्के उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होतो. त्यानंतर ३० दिवस उलटले की पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, आणि दुचाकीसाठी ती बहुधा मोकळ्या जागेत पाय न टेकता आठचा आकडा काढण्यापुरती असते. चारचाकी शिकवणाऱ्या मोटार ट्रेनिंग स्कूलसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत किमान दिवस आणि किमान तास ठरवून दिलेले आहेत, पण दुचाकीस्वार अशा शाळेची पायरी क्वचितच चढतो. परिणामी आठचा आकडा उत्तम काढणारा मुलगा दुसऱ्या दिवशी लालबहादूर शास्त्री मार्गावर उतरतो, जिथे त्याच्या डावीकडे रिक्षा, उजवीकडे बेस्टची बस, मागे हॉर्न वाजवणारा टेम्पो आणि समोर रस्ता ओलांडणारी माणसे असतात. त्या परिस्थितीत काय करायचे, हे त्याला तोपर्यंत कोणीही सांगितलेले नसते. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते.

आपल्या भागापुरता सर्वांत तातडीचा विषय अवजड वाहनांचा आहे. मेट्रो ४ च्या कामासाठी शास्त्री मार्गावर ठिकठिकाणी पत्रे उभे राहिल्यापासून उरलेल्या अरुंद पट्ट्यात डंपर, काँक्रीटचे मिक्सर आणि दुचाक्या अगदी खेटून चालत आल्या आहेत. डंपरचा चालक उंचावर बसलेला असतो आणि त्याच्या केबिनच्या डाव्या अंगाला, दरवाजाच्या खाली व थोडे मागे, असा एक पट्टा असतो की तिथे आलेली स्कूटर त्याला आरशातही दिसेलच असे नाही. शिवाय लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतल्या बाजूने वळण कापत येतात. सिग्नलला थांबलेल्या डंपरच्या डावीकडच्या फटीतून पुढे सरकणारा दुचाकीस्वार नेमका याच जागेत सापडतो आणि अपघातानंतर जमाव डंपरचालकाला मारहाण करू लागतो. चालकाची चूक कधीच नसते असे आमचे म्हणणे नाही, पण त्याला आपण दिसतो आहोत की नाही हे ओळखण्याची सोपी खूण आहे : डंपरच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. पहिल्या वर्गात एक उभा डंपर आणून प्रत्येक दुचाकीस्वाराला त्याच्या चालकाच्या आसनावर बसवायचे आणि खाली डाव्या बाजूला कोणकोण दिसत नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यायचे, असा आमचा विचार आहे. फलकावर लिहिलेल्या सूचनेपेक्षा हा अनुभव माणसाच्या अधिक लक्षात राहील, असे आम्हाला वाटते.

दुसरा भाग ब्रेकचा. पुढचा ब्रेक दाबला की गाडी पलटी होते, या समजुतीमुळे असंख्य जण आयुष्यभर केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात. वास्तविक ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढचे चाकच करू शकते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाक्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्याखालील दुचाक्यांना एबीएस किंवा दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी सीबीएस यंत्रणा बंधनकारक झाली, तरी जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि नव्या गाड्यांचे मालकही ही यंत्रणा कशी वागते ते जाणत नाहीत. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून जो निसरडा थर तयार होतो त्यावर, तसेच ओल्या लोखंडी प्लेटांवर, मॅनहोलच्या झाकणांवर आणि पेव्हर ब्लॉकवर दोन्ही ब्रेक हळूहळू, गाडी सरळ असताना दाबण्याचा सराव व्हायला हवा, आणि तो जूनमध्ये भर रस्त्यात करण्याऐवजी मे महिन्यात मैदानात, पाणी शिंपडून, कमी वेगात केलेला बरा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते, हे तिथे खडूच्या रेघा मारून दाखवता येईल.

घरपोच खाद्यपदार्थ आणि किराणा पोहोचवणारी मुले आपल्याच वस्तीत राहतात आणि आमच्या मते या वर्गांवर पहिला हक्क त्यांचा आहे. त्यांचा फोन हँडलला लावलेला असतो, नकाशा आणि नवी ऑर्डर दोन्ही त्यावरच येतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना फोनकडे दोन सेकंद पाहिले, तर गाडी तेवढ्यात सुमारे २२ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे जवळपास दोन बसगाड्यांच्या लांबीएवढी. त्यांना दंडाचा धाक दाखवून काही साधणार नाही. निघण्यापूर्वी रस्ता पाहून घेणे, सूचना कानाने ऐकणे आणि फोन वाजला तर गाडी कडेला घेणे, या सवयी त्यांच्या कामात बसतील अशा रीतीने शिकवाव्या लागतील. त्यांचा रविवार हा सर्वाधिक कामाचा दिवस असल्यामुळे त्यांच्यासाठी सकाळी लवकरची वेगळी तुकडी ठेवण्याचे ठरले आहे.

पालकांसाठी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. दहावीच्या निकालाची भेट म्हणून स्कूटर देण्याची प्रथा आपल्या विभागातही रुजली आहे. वयाची १६ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणारा परवाना केवळ ५० सीसीपर्यंतच्या गिअर नसलेल्या दुचाकीचा असतो, आणि बाजारातल्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालासुद्धा, हेल्मेट सक्तीचे आहे. शाळेत सोडताना पुढे उभे केलेले मूलही त्यातून सुटत नाही.

आता आम्हाला काय हवे आहे ते. सर्वांत मोठी गरज शिकवणाऱ्यांची आहे. भांडुप, कांजूर आणि विक्रोळीत बेस्टचे आणि एस.टी.चे अनेक सेवानिवृत्त चालक राहतात. वर्षानुवर्षे गर्दीतून प्रवाशांची ने-आण केलेल्या या मंडळींइतका जाणता शिक्षक आम्हाला दुसरा दिसत नाही. महिन्यातील एक रविवार जरी त्यांनी दिला, तरी वर्ग चालू शकेल. त्यांना मानधन देण्याची आमची इच्छा आहे, ते अल्प असेल. डंपर अथवा ट्रक असलेल्या मालकांनी पहिल्या वर्गासाठी अर्धा दिवस गाडी उपलब्ध करून द्यावी. मैदानाच्या परवानगीसाठी महापालिकेच्या एस विभाग कार्यालयाकडे अर्ज करणार आहोत, तथापि ती मिळेपर्यंत एखाद्या शाळेचे किंवा मोठ्या सोसायटीचे आवार मिळाल्यास काम अडणार नाही. ज्यांना परिचर्येचे किंवा प्रथमोपचाराचे ज्ञान आहे, त्यांनी अपघातानंतरच्या पहिल्या तासात काय करावे, हे सांगण्यासाठी यावे. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्या व्यक्तीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार संरक्षण आहे आणि तिच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, ही माहिती अजून पुष्कळांपर्यंत पोहोचलेली नाही.

पैशांचा मोठा वाटा हेल्मेटवर खर्च होईल. आयएसआय चिन्ह असलेले, हनुवटीखाली नीट बांधता येणारे हेल्मेट साधारण हजार रुपयांत मिळते, म्हणून एका कुटुंबाने एका हेल्मेटएवढी रक्कम द्यावी, अशी आमची विनंती आहे. कमी देणाऱ्यांचेही तेवढ्याच आनंदाने स्वागत आहे. वापरलेली हेल्मेट कृपया देऊ नयेत, कारण एकदा आपटलेल्या हेल्मेटचे आतले अस्तर दबलेले असते आणि ते बाहेरून ओळखता येत नाही. उरलेली रक्कम मानधन, खडू, शंकू, पाण्याचा टँकर आणि चहा यांवर खर्च होईल. मंडळाकडे आयकर कायद्याच्या कलम ८० जी खालील मान्यता नसल्यामुळे देणगीवर करसवलत मिळणार नाही, हे आधीच नमूद करतो. शक्यतो धनादेशाने किंवा थेट मंडळाच्या खात्यात रक्कम द्यावी आणि रोख दिल्यास पावती घेतल्याखेरीज जाऊ नये.

देणग्या आणि शिकवण्यासाठी येणाऱ्यांची नावे एप्रिलअखेरपर्यंत मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी सात ते नऊ या वेळेत स्वीकारली जातील. वर्गात येऊ इच्छिणाऱ्यांनी नोंदणीस येताना परवान्याची प्रत आणावी, शुल्क नाही. जमाखर्चाचा तपशील दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्यालयाबाहेरील फलकावर लावला जाईल, आणि रक्कम उरल्यास ती पुढील तुकडीच्या हेल्मेटसाठीच राखून ठेवली जाईल.

आपले विनीत,
कार्यकारिणी, रहिवासी मंडळ, भांडुप (पश्चिम), मुंबई