स्वतःसाठी लिहिणारा नट

प्रिय शिरीष,

पत्र मिळालं. कुणी मनासारखी भूमिका देत नाही म्हणून तू स्वतःच एकपात्री लिहायला घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पण ते इतकं संकोचून का सांगतोस? तुला जॉन लेग्विझामो या अमेरिकन नटाबद्दल सांगतो. गेले काही दिवस डोक्यात तोच आहे.

जन्म कोलंबियातल्या बोगोटाचा, वाढला न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये. सुरुवातीला वाट्याला आलं ते ठरीव काम: 'मायामी व्हाइस' या टीव्ही मालिकेत ड्रगमाफियाचा मुलगा, 'रिगार्डिंग हेन्री' या सिनेमात हॅरिसन फोर्डवर गोळी झाडणारा लुटारू. त्या लुटारूला नावसुद्धा नाही! हा सिनेमा १९९१चा. त्याच सुमारास ऑफ-ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या ब्रॉडवे नाट्यगृहांबाहेरच्या, लहानशा रंगमंचावर हा माणूस 'मॅम्बो माउथ' हे एकपात्री करत होता. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांच्या, वस्तीतली बढाईखोर, लाचार, लोभस माणसं, बायकासुद्धा, तो एकटा उभी करायचा. त्याला ऑफ-ब्रॉडवेसाठीचा ओबी पुरस्कार मिळाला. यात लॅटिनोंची ठोकळेबाज चित्रं आहेत, अशी टीकाही झाली. मला ती पटत नाही. ठोकळ्याला स्वतःचं दुःख नसतं, याच्या माणसांना असतं.

१९९५मध्ये फॉक्स वाहिनीवर त्याचा 'हाउस ऑफ बगिन' हा प्रहसनांचा कार्यक्रम आला. लॅटिनो कलाकारांना मध्यभागी ठेवणारा असा कार्यक्रम अमेरिकन टीव्हीवर नवाच होता. तो त्याच वर्षी बंद पडला. लेग्विझामो पुन्हा रंगमंचाकडे वळला आणि १९९८मध्ये आपलं बालपण, आपला तापट बाप घेऊन 'फ्रीक' या एकपात्रीतून थेट ब्रॉडवेवर उभा राहिला. त्याच्या टीव्ही-रूपातल्या कामासाठी त्याला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. सिनेमेही चालूच होते. 'आइस एज' या अ‍ॅनिमेशनपटातला सिड नावाचा स्लॉथ (झाडावर राहणारा संथ प्राणी) तुझ्या मुलीला पाठ असेल, तो आवाज याचाच. स्लॉथ गालात अन्न साठवतो असं कानावर आल्यावर यानं गालात सँडविच कोंबून बोलून पाहिलं आणि सिडचं ते बोबडं बोलणं सापडलं. ही चिकाटी बघ.

पण तू आधी पाहा त्याचं एकपात्री 'लॅटिन हिस्टरी फॉर मोरॉन्स'. त्याच्या मुलाला शाळेत हिणवलं जातं, त्याला 'माझा नायक' या विषयावर प्रकल्प करायचाय, आणि पाठ्यपुस्तकात लॅटिनो नायक सापडतच नाहीत. मग बापच मास्तर होतो. मंचावर एक फळा, हातात खडू. अ‍ॅझ्टेक सम्राट माँटेझुमापासून अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या लॅटिनोंपर्यंत सगळा इतिहास तो नाचत, धापा टाकत सांगतो. मध्येच मुलगा होतो, बायको होतो. इतिहास आणि घर असं एकाच अंगात खेळवणं मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. २०१७मध्ये ते ब्रॉडवेवर आलं, पुढच्या वर्षी लेग्विझामोला रंगभूमीवरच्या एकूण कामासाठी विशेष टोनी हा ब्रॉडवेचा पुरस्कार मिळाला.

अमेरिकेत जवळजवळ दर पाचवा माणूस लॅटिनो, आणि पडद्यावर त्यांना जागा किती थोडी! त्यावर तो अजूनही जाहीरपणे भांडतो. आणि लिहितोही.

तुझ्या संहितेतला आईचा प्रवेश आधी पाठव. तो कापायचा विचार करतोयस ना? कापू नकोस.

तुझा,
मकरंद